टीव्ही आत्ता घ्यावा की दसऱ्यापर्यंत थांबावं? (सोलापूर)

शिलाईवाली_सोलापूर · ३ जुलै

नमस्कार मंडळी. आमचा ३२ इंची टीव्ही परवा रात्री गेला. बातम्या चालू असताना चित्र एकदम काळं झालं, आवाज मात्र अजून येतोय. २०१५ च्या दिवाळीत घेतला होता, त्या मानाने चालला भरपूर. आता नवीन घ्यायचा तर ४३ इंची, असं घरात बोलणं चाललंय. पण कधी घ्यायचा, तिथं अडलंय.

माझी अडचण नीट सांगते. मी शाळेचे गणवेश शिवते. आमचं काम मार्चपासून जूनपर्यंत, आणि पैसे हातात येतात ते जूनअखेर नाहीतर जुलैत. त्यातले ३० हजार टीव्हीसाठी बाजूला काढलेत. जो तो सांगतो, दसरा-दिवाळीला घे, तेव्हा स्वस्त मिळतो. पण मध्ये गणपती आहेत, मुलीच्या क्लासची फी आहे. ऑक्टोबरपर्यंत ते ३० हजार तसेच राहतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरं म्हणजे मामा, माझे सासरे. चादरीच्या कारखान्यात ३४ वर्षं यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटात कान गेले. त्यांना टीव्ही ऐकू येत नाही, ते बघतात. खालच्या पट्ट्या वाचतात, कीर्तनकाराचे हावभाव बघतात, मॅचचा स्कोअर बघतात. त्यामुळे नुसता आवाज येऊन त्यांना काय उपयोग? संध्याकाळी दारात बसून राहतात. तीन-चार महिने त्यांना असं बसवून ठेवणं जिवावर येतं. आणि घाई करून चार-पाच हजार जास्त गेले तर तेही मनाला लागेल. एका शर्टामागे हातात किती पडतात ते शिवणाऱ्यालाच माहीत.

जाणकारांनी सांगा. आत्ता, पंधरा ऑगस्टला, की दसऱ्याला?

हिशोबनीस_नवीपेठ · ३ जुलै

ताई, कराचं तेवढं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे आधी करासकट ३०,००० ला असलेला ४३ इंची टीव्ही, मूळ किंमत तीच धरली तर, साधारण २७,६५० ला यायला हवा. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्ही जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. तेव्हा "जीएसटी कमी झाला म्हणून ३२ इंची स्वस्त केलाय" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही.

पक्कं बिल घ्या. बिलावर मॉडेल क्रमांक आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतात.

पद्मनगरची_लेक · ३ जुलै

आमच्याकडे आषाढात नवीन वस्तू घरात आणत नाहीत. माझी मावशी हैदराबादला असते, तिकडे याच कारणाने आषाढम् सेल लागतात, दुकानं गिऱ्हाईक यावं म्हणून सूट देतात. तुमच्या घरी चालत असेल तर आषाढात विचारून बघा. मिक्सर मी तसाच घेतलाय.

रात्रपाळी_होटगीरोड · ४ जुलै

ऑनलाइन घेणार असाल तर सेलच्या तीन वेळा मुख्य. २६ जानेवारीच्या आसपास, १५ ऑगस्टच्या आसपास, आणि सगळ्यात मोठा दसऱ्याच्या आधी. पण एक बघा, जाहिरातीतल्या किमतीत बहुतेक वेळा ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट धरलेली असते. कार्ड नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही, म्हणजे बिनव्याजी म्हणून देतात त्या हप्त्यांतही, व्याजावरचा जीएसटी बँक लावते, वर प्रोसेसिंग फी. मी भरलीय, म्हणून सांगतोय.

शिलाईवाली_सोलापूर · ४ जुलै

कार्ड नाही माझ्याकडे. रोखीनेच घेणार.

वायर_सोल्डर · ४ जुलै

ताई, मी आधी ११ वर्षं दुकानात टीव्ही विकले आणि आता दुरुस्ती करतो. कधी घ्यावा ते सांगतो, पण त्याआधी एक काम करा. टीव्ही चालू करा, खोलीत अंधार करा, आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) पडद्याला अगदी जवळून, तिरकी धरून बघा. आवाज येतोय ना? मग बॅटरीच्या उजेडात आत अंधुक चित्र हलताना दिसतंय का ते बघा. दिसलं तर पॅनल, म्हणजे चित्राचा पडदा, जिवंत आहे, फक्त त्याला मागून उजेड देणारा बॅकलाइट गेलाय. पॅनलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यातले दिवे एकामागे एक जोडलेले. एक दिवा गेला तरी सगळा अंधार होतो. या पट्ट्या बदलता येतात. चित्र दिसलं नाही तर मग वेगळं दुखणं आहे, त्यात पैसे घालू नका.

आता वेळेचं. दिवाळीत दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतं, हे मी स्वतः गिऱ्हाइकाला हजारदा सांगितलंय, कारण मला ते सांगायला लावायचे. ऑफर असतात, खोटं नाही. पण धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कोण तुमच्याशी भाव करणार? कोण तुम्हाला दोन टीव्ही शेजारी लावून दाखवणार? त्या आठवड्यात टेम्पोत खोकी आडवी टाकलेली मी पाहिलीत. टीव्हीचं खोकं कधी आडवं करायचं नसतं, पॅनलला तडा जातो. एका घरी आम्ही पोचवलेला टीव्ही बसवणारा माणूस पाच दिवसांनी गेला, खोकं उघडलं तर पडदा फुटलेला. दुकान म्हणालं तुमच्याकडे फुटला, ते म्हणाले आम्ही हातही लावला नाही. त्या कुटुंबाची दिवाळी कशी गेली ते मला अजून आठवतं. म्हणून कधीही घ्या, खोकं पोचवणाऱ्याच्या समोर उघडा आणि टीव्ही लावून बघा. कंपनीचाच माणूस उघडेल अशी अट असेल तर तो त्याच दिवशी येईल असं ठरवून मगच माल घरी मागवा.

नवीन मॉडेल दुकानात साधारण एप्रिल ते जूनमध्ये येतात. गेल्या वर्षीचे तेव्हाही गोडाऊनमध्ये पडून असतात, आणि दसऱ्याचा माल यायच्या आत मालकाला ती जागा मोकळी हवी असते. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा, हा आमच्याकडे जुनं मॉडेल काढायचा काळ. ४३ इंचीत गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या मॉडेलमध्ये मामांना दिसेल असा फरक फार क्वचित असतो. पुढची दुसरी वेळ पितृपक्ष. बरेच जण त्या पंधरवड्यात नवीन घेत नाहीत, दुकान ओस पडलेलं असतं, सेल्समनला महिन्याचं टार्गेट गाठायचं असतं. तुम्ही पाळत नसाल तर तेव्हा रोख पैसे घेऊन, महिनाअखेरीला, दुपारी तीनच्या सुमाराला जा. माणूस बसून बोलेल तुमच्याशी.

मागच्या स्टिकरवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. आणि शोकेसमधला पीस स्वस्त देतो म्हणाले तर नको म्हणा. तो दिवसाला दहा-बारा तास पूर्ण उजेडावर चाललेला असतो. तुमचं जे दुखणं झालंय असं मला वाटतंय, तेच त्याला लवकर होणार.

शिलाईवाली_सोलापूर · ५ जुलै

दादा, दिसलं! रात्री लाइट घालवून बघितलं. बॅटरी धरली तेवढ्या गोल जागेत माणूस बोलताना दिसत होता, अगदी फिकट. मामांना बोलावून दाखवलं, तर त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि तो गोल सरकवत सरकवत खालची पट्टी वाचत बसले. मला बघवेना.

किती खर्च येईल? आणि दहा वर्षं जुन्या टीव्हीत पैसे घालणं बरोबर आहे का?

वायर_सोल्डर · ५ जुलै

३२ इंचीला हजार ते दोन हजारांच्या आत व्हायला हवं. एकच दिवा नको, सगळ्या पट्ट्या बदला, नाहीतर दोन महिन्यांनी शेजारचा जाईल. पॅनल काढताना फुटायचा धोका असतो, तो कोणाच्या अंगावर हे आधीच तोंडावर विचारा. नीट झाला की सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वरून ६० वर आणा, पट्ट्या जास्त टिकतात.

बरोबर आहे का म्हणाल, तर हो. आज तुम्ही अडलेल्या आहात, आणि अडलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला चेहऱ्यावरून कळतं. घरात टीव्ही चालू असला की तुम्ही दुकानातून "बघते" म्हणून उठू शकता. मला विचाराल तर सगळ्यात मोठी सूट ती आहे. तोवर दोन मॉडेल ठरवून वहीत त्यांचा भाव दर आठवड्याला लिहीत जा. मॉडेल क्रमांक पूर्ण लिहा, शेवटच्या अक्षरासकट. नाव तेच आणि आत एचडीएमआय पोर्ट कमी, असंही असतं.

आणि वळवात वीज कडाडायला लागली की प्लगसकट केबलची वायरही काढत जा. विजेने गेलेला टीव्ही वॉरंटीत धरत नाहीत.

रात्रपाळी_होटगीरोड · ६ जुलै

केबलचे साधे चॅनल ४३ इंचावर थोडे पुसट दिसतात, हे माहीत असू द्या. मामा पट्ट्या वाचतात ना, तर घेताना दुकानात पेनड्राइव्हवरचा फोर-के व्हिडिओ बघून भुलू नका. केबलवरचा मराठी बातम्यांचा चॅनल लावायला सांगा आणि तुमच्या घरात जेवढं अंतर आहे तेवढ्यावर उभ्या राहून पट्टी वाचा.

शिलाईवाली_सोलापूर · १९ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. टीव्ही दुरुस्त झाला, १,७०० रुपये लागले. मामा काल कीर्तन संपेपर्यंत जागे होते.

असं ठरवलंय. २८ हजार पोस्टात वेगळे ठेवलेत, एटीएम कार्ड घेतलं नाही, म्हणजे उठून जाऊन काढावे लागतील. वहीत दोन मॉडेल लिहिलीत. एकाचा भाव दोन आठवड्यांत हजाराने उतरला, दुसरा तिथंच आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवी पेठेत जाऊन येते. जुनं मॉडेल २६ हजारांच्या आत मिळालं तर घेईन, नाहीतर पितृपक्ष. आमच्याकडे कोणी पाळत नाही, मामांनाच विचारलं. पाटीवर लिहून विचारलं, ते हसले आणि खाली लिहिलं, "पितरं पण बघतील."

४३ इंची केवढा ते कळावं म्हणून वर्तमानपत्र ९५ सेंमी बाय साडेत्रेपन्न सेंमी कापून भिंतीवर चिकटवलंय. मामांनी खुर्ची तीनदा मागे-पुढे करून बघितली. आता ती आहे तिथं खडूने खूण केलीय.