थकलेली येणी: नाशिककरांचे अनुभव

अंबड-सातपूरला लहान शेड चालवणारे, शहरात एकट्याने व्यवसाय करणारे आणि निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार यांचे एक दुःख सारखेच आहे: काम वेळेवर होते, माल उचलला जातो आणि पैसे मात्र राहतात. येणी कशी थकली, कशी वसूल झाली किंवा का बुडाली, हे मोकळेपणाने लिहावे. देणेकऱ्याचे नाव कृपया लिहू नये. सुरुवात मी करतो.

अंबड, जॉबवर्क

माझ्याकडे दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन आहे. एका कारखान्याकडे माझे 2 लाख 40 हजार रुपये अडकले होते. तिथले खरेदी अधिकारी दर वेळी आदराने बसवत, चहा देत आणि ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असे सांगत, त्यामुळे लेखी काही मागण्याचा मला संकोच वाटे. बिलांवरचा जीएसटी मी केव्हाच पदरचा भरला होता. अशा येण्यासाठी दिवाणी दावा 3 वर्षांच्या आत करावा लागतो आणि ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी देणे मान्य केले तर तिथून नवी मुदत सुरू होते, हे वकिलांकडून कळले तेव्हा सर्वांत जुन्या तीन बिलांची वेळ उलटून गेली होती. ते 70 हजार बुडाले. उरलेल्या बिलांसाठी मी उद्यम नोंदणीच्या (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या) आधारे, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज केला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, करार नसेल तर ती 15 दिवसांची असते आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. सलोख्याच्या बैठकीतच मुद्दल मिळाले. व्याज मी सोडून दिले, आणि ते सोडायला नको होते असे आजही वाटते.

सातपूर, करसल्लागार

वरील अनुभवाला एक जोड देतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल या मुदतीत चुकते केले नाही, तर 2023-24 या आर्थिक वर्षापासून खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. फेब्रुवारीत पाठवलेल्या स्मरणपत्रात आपला उद्यम क्रमांक आणि ही तरतूद नमूद केली, तर लेखा विभाग ते पत्र बाजूला ठेवत नाही, असा माझ्या अशिलांचा अनुभव आहे.

महात्मानगर, ग्राफिक डिझायनर

माझे पैसे परक्यांपेक्षा ओळखीच्यांकडेच जास्त थकले. मामांच्या ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांचे संपूर्ण माहितीपत्रक मी आगाऊ रक्कम न घेता करून दिले. त्यांनी ते छापले, वाटले, आणि माझे फोन घेणे बंद केले. मामांना अवघडल्यासारखे होईल म्हणून मी गप्प राहिले. आता निम्मी रक्कम आधी घेते आणि उरलेली मिळाल्यावरच छपाईची फाइल देते, नातेवाईक असले तरीही.

निफाड तालुका, द्राक्षबागायतदार

व्यापाऱ्याने पहिल्या दिवशी रोख दिले, त्यामुळे विश्वास बसला. पुढच्या 60 क्विंटलचे, किलोला 42 रुपयांप्रमाणे, 2 लाख 52 हजार रुपये झाले. त्याचा चेक वटला नाही. ‘दादा, आठ दिवसांनी पुन्हा टाका’ असे तो म्हणत राहिला. चेकची मुदत 3 महिन्यांचीच असते आणि तो परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, हे शेजारच्या गावातल्या वकिलांनी सांगितले नसते तर तोही मार्ग बंद झाला असता. खटला चालू आहे. हंगाम संपल्यावरची खरड छाटणी मात्र थांबत नाही. त्या वर्षी मजुरीसाठी सोसायटीच्या कर्जावर आणखी हातउसने काढावे लागले. आता आमच्या वस्तीवरचे पाच बागायतदार काट्यावरच पैसे खात्यात आल्याची खात्री करतात आणि मगच गाडी हलू देतात.

पंचवटी, केटरिंग

तेराव्याच्या जेवणाचे 38 हजार रुपये राहिले होते. घरातला कर्ता माणूस गेलेला. त्या दारात पैशासाठी उभे राहणे मला जमले नाही, आणि भाजीवाल्याचे व किराण्याचे पैसे तर मला द्यायचेच होते. आठ महिन्यांनी त्यांचा धाकटा मुलगा आईला घेऊन आला आणि पूर्ण रक्कम माझ्या हातात दिली. वहिनींनी पावती मागितली नव्हती, तरी मी ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असे लिहून, तारीख घालून ती त्यांना दिली.