सर्फला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल: रशियाच्या इतिहासावरचा लेख मराठीत करतेय. १८६१ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरने सर्फ (serf, जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी) मुक्त केले, तिथे मी शाळेत वाचलेलं 'भूदास' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी काट मारून 'गुलाम' केलं. शेरा काय, तर भूदास कोणाला कळणार!

बोरूबहाद्दर: गुलाम अजिबात नाही. सर्फला स्वतःचं घरदार, कसायला जमिनीचा तुकडा असायचा, फक्त गाव सोडायची बंदी. १६४९ च्या कायद्यानंतर तर पळालेला किती का वर्षांनी सापडेना, मालकाकडे परत. भूदासच ठेवा.

शेंगदाणा: कागदावर हो. पण रशियात जमिनीशिवाय नुसती माणसंही विकायचे की, पेपरात जाहिराती यायच्या. आणि जमीनदार किती बडा हे त्याच्याकडचे 'आत्मे', म्हणजे सर्फ, मोजून ठरायचं, त्यातही फक्त पुरुष, बायका हिशेबातच नाहीत. मग गुलाम वेगळा कसा?

वरणभात: सरळ वेठबिगार लिहा ना. आठवड्यातले तीन तीन दिवस मालकाच्या शेतात फुकट राबणं म्हणजे वेठच. मी केर कसातरी काढला की आजी म्हणायची, वेठ वारलीस मेल्या.

बोरूबहाद्दर: वेठ विष्टिवरून, बिगार फारसी, म्हणजे वेठबिगार मुळात एकच गोष्ट दोनदा. शिवाय आपल्याकडचा वेठबिगार बहुतेक कर्जापायी अडकलेला, सर्फ जन्मतःच.

माडाखालचा: आमच्या गोव्यात मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात (माडांच्या बागेत) घर, माड राखायचे, नारळ पाडायच्या दिवशी हातातलं काम टाकून हजर. माझे आजोबा मुंडकार, भाटकार आला की खांद्यावरचा पंचा काढून उभे राहायचे. पण सर्फला जाऊ देत नसत, आमची भीती उलटी, कधी निघा म्हणतील. १९७५ च्या कायद्याने जरा बळ आलं.

शेंगदाणा: अवांतर, बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातला भाग) वेठीला रोबोटा म्हणत, त्यावरून चापेकच्या १९२० च्या चेक नाटकात रोबोट आला. म्हणजे रोबोट = वेठ्या!

वरणभात: आणि आपण इतकी वर्षं यंत्रमानव यंत्रमानव करत बसलो 😀

पाटीपेन्सिल: अहो लेख उद्या द्यायचाय! सध्या नुसतं सर्फ ठेवलंय. पुढे अजून एक घोळ, सुटल्यावर जमिनीचे पैसे सरकारला ४९ वर्षं हप्त्यांनी फेडायचे होते, त्या रिडेम्पशन पेमेंटला काय लिहू? मुक्तिमूल्य?

बोरूबहाद्दर: यंत्रमानवात वाईट काय आहे पण?