जुन्या जलरंगचित्रासाठी कोणता डिंक वापरावा?
पाण्यात पातळ केलेला बाजारातील पांढरा डिंक वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून तो जुन्या चित्रांच्या दुरुस्तीला चालेल, असे काही जण सांगतात; मला ते धोक्याचे वाटते. ५० वर्षांनी तो चित्राला इजा न करता काढता येईल का, हे आधी पाहायला हवे. असा पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा डिंक काळाच्या ओघात ॲसिटिक आम्ल सोडू शकतो आणि एकदा कागदाच्या तंतूंत मुरला की पाण्याने पूर्णपणे सुटत नाही. आमच्या कोल्हापुरातील घरी आजोबांनी काढलेल्या रंकाळ्याच्या चित्राला मागून लावलेली चिकटपट्टी केव्हाच गळून पडली, पण तिचा रबरी थर कागदात उतरून आकाशावर तेलकट, तपकिरी पट्टा उमटला आहे, आणि तो पाहिला की आजही जीव हळहळतो. कागदासाठी गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली खळ उत्तम, कारण ती ओलाव्याने पुन्हा सुटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीची आणि कसरीची भीती असते, तेव्हा ती अगदी पातळ लावावी. भाजलेल्या मातीच्या फुटलेल्या वस्तूंसाठी पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन (कृत्रिम राळ) वापरतात; ते सहसा पिवळे पडत नाही आणि ॲसिटोनमध्ये विरघळते. मात्र सुमारे ४० अंश सेल्सिअसला ते मऊ पडू लागते, म्हणून अशी वस्तू एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये.