कल्याण–कसारा: दोनच रुळांवर लोकल आणि मेल बसवतात कशा?

खडवली_फलाट२

कल्याण ते कसारा ६७ किलोमीटर. एक अप (मुंबईकडे), एक डाउन (कसाऱ्याकडे), एवढेच रूळ. त्यावरूनच लोकल, नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, डाउन लोकल आसनगावला बाजूला घेतात आणि मेल पुढे काढतात. मेल अर्ध्या मिनिटात निघून जाते, मग लोकल दहा-पंधरा मिनिटं कशासाठी उभी? दोन, मधल्या वेळात वीस-पंचवीस मिनिटं रूळ मोकळा दिसतो, तिथे आणखी एक लोकल का घालता येत नाही? तीन, तिसरी लाइन झाली की हे मिटेल का?

"रेल्वेला लोकलवाल्यांची किंमतच नाही" हे उत्तर पाठ आहे, ते सोडून सांगा.

दोन_पिवळे

आधी दुसरा प्रश्न घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

रूळ मोकळा दिसतो, पण तो मागून येणाऱ्या मेलच्या नावावर चढलेला असतो. कागद-पेन्सिल घ्या. हिशेबाला सोपे आकडे धरू: लोकलला कल्याण-कसारा ७२ मिनिटं, मेलला ५०, आणि दोन गाड्यांत कुठेही किमान ५ मिनिटांचं अंतर.

लोकल कल्याणहून ८:०० ला सुटली, कसाऱ्याला ९:१२. तिच्या मागची मेल कसाऱ्याला ९:१७ च्या आत पोचता कामा नये, नाहीतर ती वाटेतच लोकलच्या शेपटाला लागेल. म्हणजे मेल कल्याणहून ८:२७ च्या आधी सोडता येत नाही. मेल वेगात असल्यामुळे तिच्या मागे लोकल लगेच ८:३२ ला निघू शकते. नुसत्या लोकल असत्या तर दर पाच मिनिटांनी एक सुटली असती. एका मेलने पाचेक लोकलची जागा खाल्ली. तुम्हाला ८:०५ ते ८:२५ जो मोकळा रूळ दिसतो तो हाच.

आता तीच लोकल आसनगावला बाजूला घेऊ. कल्याणपासून ३२ किलोमीटर, जवळजवळ अर्धी वाट. लोकल तिथे ८:३५ ला पोचली. मेल पाच मिनिटांनी, ८:४० ला सरळ रुळावरून पास झाली. म्हणजे ती कल्याणहून ८:१६ ला सुटली तरी चालतं, आणि पुढची लोकल ८:२१ ला. उभी लोकल ८:४५ ला निघाली. ३२ मिनिटांचं चक्र २१ वर आलं. त्याची किंमत म्हणजे आसनगावच्या फलाटावरची ती १० मिनिटं. त्या डब्यात बसलेल्याला ती फुकट गेल्यासारखी वाटतात, पण त्याच १० मिनिटांमुळे मागच्या लोकलला वाट मिळालेली असते.

पंधरा मिनिटं कधी होतात? मागोमाग दोन मेल काढल्या की. दुसरी ८:४५ ला पास, लोकल ८:५० ला. लोकांना हा निव्वळ छळ वाटतो, पण हिशेबाने तेच शहाणपणाचं. पहिली मेल महाग पडते, तिला चिकटून आलेली दुसरी फक्त पाच मिनिटं घेते. त्याच दोन मेल तासाभरात वेगवेगळ्या सोडल्या तर दोन्ही महाग पडतात. म्हणून मेल जमेल तितक्या गठ्ठ्याने काढतात.

रूळकरी

गणित बरोबर आहे. फक्त "मेलच्या आधी पाच, नंतर पाच" हे आकडे हवेतून आलेले नाहीत, ते कुठे जातात ते सांगतो.

लूपला, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या शेजारच्या रुळाला, वळणारा सांधा १:१२ चा (बाराला एक असा वळणारा) असेल तर त्यावरून ताशी ३० किलोमीटर. म्हणजे लोकलने आधीपासून वेग उतरवत यायचं. १२ डब्यांची लोकल सुमारे २५८ मीटर. ताशी ३० ने तेवढी लांबी सांध्यावरून सरकायलाच अर्धं मिनिट. शेवटचा डबा आत आल्याची खूण ट्रॅक सर्किटवरून (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारी विजेची जोडणी) मिळाली की मार्ग सुटतो, पॉइंट (सांध्याचे हलते रूळ) सरळ लाइनला फिरतात, कुलूप लागतं, मग सरळ लाइनचे सिग्नल उतरवता, म्हणजे 'जा' असे देता येतात.

मेलच्या चालकाला हिरवा मिळत राहिला तरच तो वेग धरून ठेवतो. दोन पिवळे दिसले की सावध होऊन वेग आवरायची तयारी, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी. त्यामुळे मेल फलाटाजवळ आल्यावर सिग्नल देऊन भागत नाही, ती तीनेक किलोमीटर मागे असतानाच होम (स्थानकात शिरण्याआधीचा), स्टार्टर (फलाट सोडतानाचा), अ‍ॅडव्हान्स स्टार्टर (त्याच्याही पुढचा) हे सगळे सिग्नल उतरलेले हवेत. ताशी १०० ने तीन किलोमीटर म्हणजे पावणेदोन मिनिटं झालीच. पाचातली बरीचशी इथे संपली.

मेल पास होताना २२ एलएचबी (नव्या बनावटीचे) डबे आणि इंजिन मिळून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तेवढं वीस सेकंदांत जातं. तुम्हाला दिसतं ते एवढंच. पण ती पुढचा सिग्नल ओलांडून त्यापलीकडचा १२० मीटरचा ओव्हरलॅप (सुरक्षेसाठी राखलेला तुकडा) मोकळा करते तेव्हा कुठे लोकलला पिवळा मिळतो. लोकलही परत ३० नेच लूपमधून बाहेर पडते आणि मेलच्या पाठीमागे पिवळे बघत जाते.

अजून एक. लूप आहे म्हणजे ती मोकळी आहे असं नाही. घाटावरून उतरलेली मालगाडी तिथे उभी असेल तर लोकलला शिरायला जागाच नाही. शहाडला तर लोकलसाठी दोनच फलाट. मग मेल टिटवाळ्याच्या अलीकडे पिवळ्यांवर रांगत येते आणि दोघींचाही वेळ जातो. कंट्रोलला (गाड्या कुठे कधी सोडायच्या ते ठरवणाऱ्या कचेरीत) बसलेल्याचं अर्धं काम "लूप कोण अडवून बसलंय" एवढंच असतं.

घाटमाथा

कसाऱ्याचं टोक सगळेच विसरलेत. ६७ किलोमीटरची लाइन तिथे संपत नाही, पुढे घाट आहे आणि घाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर वर. एका इंजिनावर पूर्ण लांबीची गाडी चढत नाही म्हणून कसाऱ्याला मागे बँकर, म्हणजे ढकलायची जादा इंजिनं, जोडतात. जोडायचं, तपासायचं, मागच्या-पुढच्या चालकांची बोलणी व्हायची आणि मग हलायचं. तोवर कसाऱ्याची एक लाइन अडकलेली. त्याच वेळी लोकल कसाऱ्याला येऊन उलटी फिरणार असते, तिलाही फलाट हवा. मोटरमन आणि गार्डने (२०२२ पासून कागदोपत्री ट्रेन मॅनेजर) टोकं बदलायची म्हणजे २५८ मीटर चालायचं, केबिन सुरू करायची, ब्रेक तपासायचा. बँकर नसले, म्हणजे आधीच्या गाडीबरोबर वर गेलेले परत उतरले नसले, तर मेल कसाऱ्याला खोळंबते, तिच्यामागची लोकल उंबरमाळीला थांबते आणि तिच्यामागची खर्डीला. आसनगावला बसलेल्या माणसाला कळतही नाही की आपण बँकरसाठी थांबलोय.

बँकर उतरताना घाटातली आणखी एक जागा घेतात हेही धरा. घाटात तीन लाइन आहेत म्हणून निभतं.

हा खर्च वाचवायचा एक मार्ग २०१९ पासून दिसतोय: नाशिकमार्गे जाणारी मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी पुश-पुल केली, पुढे एक आणि मागे एक इंजिन कायमची. तिला कसाऱ्याला बँकरसाठी थांबावं लागत नाही. फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली शिर्डी वंदे भारतही तशीच चढते, तिचे निम्मे अ‍ॅक्सल मोटरचे आहेत. माझ्या मते दोन लोकल वाढवण्यापेक्षा चार एक्स्प्रेस पुश-पुल केल्या तर या लाइनला जास्त फायदा.

दोन_पिवळे

पुश-पुलचं मान्य, पण फायद्याचा आकडा जपून लावा. बँकरची मिनिटं वाचली तरी ती कसाऱ्याला वाचतात. कल्याण-आसनगाव पट्ट्यात, जिथे लोकलची गर्दी आहे, तिथे वेगातला फरक तसाच राहतो.

खडवली_फलाट२

बाजूला घेण्याचं गणित पटलं. पण वेळापत्रकात नसतानाही लोकल थांबवतात, तेव्हा काय? आणि गर्दीच्या वेळी लोकलला आधी सोडायचं असा नियम आहे ना?

रूळकरी

वेळापत्रक बनवताना गर्दीच्या तासांत लोकलला झुकतं माप असतं, हे खरं. सकाळी मुंबईकडे येणाऱ्या वेळेवरच्या पंचवटीला तिची जागा आधीच आखून दिलेली असते आणि लोकल तिच्याभोवती बसवलेल्या असतात. गोंधळ होतो तो उशिराच्या गाडीने. रात्रीतून पन्नास मिनिटं मागे पडलेली लांब पल्ल्याची गाडी सकाळी इगतपुरीला आली की तिची जागा निघून गेलेली असते. तिला आता दुसऱ्याच्या जागेत घुसवायचं. मग कंट्रोलपुढे दोनच वाटा: तिला वर इगतपुरीला दाबून ठेवायचं किंवा दोन-तीन लोकलना पाच-पाच मिनिटं लावायची. ती घाटाखाली उतरली असेल तर दुसरीच वाट उरते, कारण साडेपाचशे मीटरची गाडी उभी करायला खाली मोकळी जागा मिळणं कठीण. म्हणून दाबायची तर वरच.

दुसरं कारण साखळी. एक्स्प्रेसमध्ये कुणी साखळी ओढली की ब्रेक पाइपचं ५ किलोचं प्रेशर पडतं आणि गाडी उभी राहते. मग कुठल्या डब्यात ओढली ते शोधायचं, डब्याबाहेरून झडप पूर्ववत करायची, प्रेशर परत भरू द्यायचं. सगळं सुरळीत झालं तरी पाच ते दहा मिनिटं. वरचं गणित बघा, त्यात दोन लोकलची जागा गेली.

तिसरं फाटक. फाटक नीट बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय त्याचा सिग्नल उतरतच नाही. एक टेम्पो घुसवला की तो ट्रॅफिकवाल्याशी भांडेपर्यंत लाल.

घाटमाथा

तिसऱ्या लाइनबद्दल. मिटणार नाही, पण फरक मोठा पडेल, आणि कुठे पडेल ते नीट समजून घ्या.

तिसरी लाइन दोन्ही दिशांना चालवता येते, पण एका वेळी एकाच. सकाळी ती अप मेलना दिली तर अप लोकल मोकळ्या, डाउनची स्थिती आहे तशीच. आणि मेलला तिसऱ्या लाइनवर जाताना-येताना दोन्ही टोकांना दुसरे रूळ ओलांडावे लागतात. खरी अडचण कल्याण. मुंबईकडून येणारे रूळ तिथे कसारा आणि कर्जत असे फुटतात आणि लोकल-मेल दोघींच्या वाटा यार्डात एकाच पातळीवर एकमेकींना कापतात. कसाऱ्याकडे निघालेली मेल कर्जतहून येणाऱ्या लोकलला अडवते, ती दुसऱ्या लाइनवरची असूनही. म्हणून कल्याण यार्डाची फेरमांडणी झाल्याशिवाय तिसऱ्या लाइनचा पूर्ण उपयोग नाही.

हे नवीन नाही. ठाणे-दिवा मध्ये पाचवी-सहावी लाइन तुटलेली होती. कुर्ल्याहून स्वतःच्या वेगळ्या लाइनवर आलेल्या मेलना तेवढ्या नऊ किलोमीटरसाठी फास्ट लोकलच्या रुळांवर यावं लागायचं आणि दिव्याला परत बाहेर जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७२ तासांचा जम्बोब्लॉक घेऊन तो तुकडा जोडला, तेव्हापासून मेल जुन्या पारसिक बोगद्यातून आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने. नऊ किलोमीटर तुटलेले होते तोवर बाकीच्या पाचव्या-सहाव्याला अर्धीच किंमत होती.

कसाऱ्याकडे तेच. २०१९ ला मंजूर झालेल्या एमयूटीपी ३ए (मुंबईच्या रेल्वेवाढीचा प्रकल्प) मध्ये कल्याण-आसनगाव चौथी लाइन आहे, ३२ किलोमीटर. लोकलची गर्दी आसनगावपर्यंतच जास्त, त्यामुळे चौथी तिथवर हा विचार योग्य. पश्चिम रेल्वेवर विरार-डहाणूची गोष्ट वेगळी नाही. २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत नेली आणि तेव्हापासून दोन रुळांवर राजधानीपासून मालगाडीपर्यंत सगळ्यांच्या मध्ये ती बसवायची कसरत सुरू आहे. तिथे पूर्ण ६४ किलोमीटरचं चौपदरीकरण घेतलंय.

दोन_पिवळे

मूळ प्रश्नकर्त्यासाठी एक कामाची गोष्ट. लोकल बाजूला घेणार हे अनाउन्समेंटच्या आधी कळतं. पुढच्या डब्यात दारापाशी असाल तर स्थानकात शिरण्याआधीचा होम सिग्नल बघा. पिवळ्याच्या वर तिरक्या ओळीत पाच पांढरे दिवे लागले असतील तर गाडी लूपला चालली आहे. दिवे नसतील तर सरळ.

आणि फलाटावर उभ्या असताना आपला स्टार्टर लाल, शेजारच्या सरळ लाइनचा हिरवा, असं दिसलं की मेल तीन-चार किलोमीटरवर आली. ती गेल्यावरही आपला सिग्नल मिनिटभर लालच राहिला आणि शेजारचा पुन्हा हिरवा झाला, तर मागे दुसरी आहे. चहा घ्यायचा तर तेव्हा घ्या.