मदत हवी आहे: मांजरीची नखं काढायची का? शुक्रवारपर्यंत सांगायचंय

अनुजा_प
नमस्कार. घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमच्या चिमीची नखं काढून घ्यायची की नाही हे शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. नव्या घराचं लीज त्यावरच अडलंय. घरमालक म्हणतो, पुढच्या पायांची नखं काढल्याचा डॉक्टरचा कागद दाखवा, तरच मांजर चालेल. नवरा म्हणतो, काढून टाकू, एकदाचा विषय संपेल. मला दोन रात्री झोप नाही. फार दुखतं का? किती दिवसांत बरी होते? ज्यांनी केलंय त्यांनीच कृपया सांगा.

शेखर_३०
अहो, एवढं काय त्यात! पुण्यात माणूस घरी येऊन पंधरा मिनिटांत नखं काढून जातो. आम्ही तर घरीच काढतो. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं, नुसतं टोक कापायचं. आतली गुलाबी शीर दिसते तिथवर जायचं नाही. दर दोन आठवड्यांनी.

रेवा
शेखर, त्या नखं कापण्याबद्दल विचारत नाहीयेत. "बरी होते" म्हणतायत म्हणजे डीक्लॉ, ऑपरेशन. अनुजाताई, तुम्ही कुठे असता? देश, राज्य, शहर? मांजर किती वर्षांची? आणि ती नेमकं काय ओरबाडते? यावर बरंच अवलंबून आहे.

अनुजा_प
हो, डीक्लॉच. इकडे सर्रास बोलतात म्हणून वेगळं लिहायचं सुचलं नाही. अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळ राहतो. चिमी चार वर्षांची आहे. सोफ्याचा डावा हात तिने पार सोलून काढलाय, आतला फोम दिसतो. तोच घरमालकाने आमच्या जुन्या घराच्या फोटोंत पाहिला.

मिलिंद_लंडन
आमच्याकडे २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने हे बेकायदा आहे. डॉक्टरला विचारलंत तरी तो हात लावणार नाही.

रेवा
टेक्सासमध्ये राज्यभराची बंदी नाही. ऑस्टिन शहराने २०२१ मध्ये घातली, पण ती डॅलसला लागू नाही. न्यूयॉर्क हे बंदी घालणारं पहिलं राज्य, २०१९ मध्ये. कॅलिफोर्नियात तर त्याच्याही आधी, २०१३ पासून, घरमालकाला अशी अट घालताच येत नाही. तुमच्याकडे तो कायदा असता तर हा प्रश्न एका पत्रात सुटला असता.

पशुवैद्य_सातारा
मी गेली एकवीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतो. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया कुणी मागत नाही, त्यामुळे मी ती केलेली नाही. पण त्यात काय कापतात ते सांगतो, कारण "नखं काढणं" हा शब्दच इथे फसवा आहे.

आपलं नख मांसातून उगवतं, मांजराचं हाडातून उगवतं. नुसतं नख उपटलं तर ते पुन्हा येणार. म्हणून ज्या हाडातून ते येतं ते बोटाचं शेवटचं पेर सांध्यातून तोडतात. तुमचा हात समोर धरा. नखाच्या खालच्या पहिल्या रेषेवर बोट वाकतं ना, तिथून दहाही बोटं कापली तर जे होईल, ते हे आहे. मांजराच्या पुढच्या दोन पायांना मिळून दहा बोटं असतात. दहा सांधे तोडायचे. लेझरने केलं तर रक्त कमी जातं, पण तुटतं तेच पेर. नख आत-बाहेर करणारी कंडरा कापायची दुसरी एक पद्धत आहे, तीही करू नका. नख आत-बाहेर करता येत नाही म्हणून ते झिजत नाही, जाड होत जातं आणि जन्मभर कापत बसावं लागतं.

आणि मांजर आपल्यासारखं टाचेवर चालत नाही, बोटांवर चालतं. ज्या टोकावर उभं राहायचं तेच काढून घेतलं की सगळं वजन मागे सरकतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांची राष्ट्रीय संघटनासुद्धा वैद्यकीय कारणाशिवाय हे करू नका म्हणते.

दिलीपकाका_न्यूजर्सी
डॉक्टरसाहेब, तुम्ही स्वतः केलेलं नाही, मी करून घेतलंय. आमच्या बोक्याची २००४ साली काढली. चार दिवस लंगडला, मग उड्या मारायला लागला. सोळा वर्षं जगला. उगाच पोरीला घाबरवू नका. घर मिळत नसेल तर मांजर शेल्टरमध्ये जाईल, ते बरं का?

रेवा
काका, तुमचा बोका सुखात राहिला याचा आनंद आहे. पण मांजर दुखणं लपवतं. मी शेल्टरमध्ये दर रविवारी जाते. मागच्या हिवाळ्यात आठ वर्षांची एक डीक्लॉ केलेली मांजरी आली, लिटर बॉक्सच्या, म्हणजे तिच्या शी-शूच्या वाळूपेटीच्या, बाहेर लघवी करते म्हणून मालकांनी आणून सोडली. मी तिला लिटर बॉक्सपाशी बघायचे. एक पंजा वाळूत ठेवायची, झटकायची, दुसरा ठेवायची, झटकायची, आणि मग बाहेर येऊन बाजूच्या टॉवेलवर बसायची. एक्स-रे काढला तर दोन बोटांत हाडाचे तुकडे राहिलेले होते. वाळूऐवजी अगदी मऊ कागदाचं लिटर दिल्यावर ती आत बसायला लागली. म्हणजे आठ वर्षं तिला लोक घाणेरडी म्हणत होते आणि तिला टोचत होतं.

२०१७ मध्ये तुमच्याच टेक्सासमधल्या एका पशुवैद्य बाईंनी इतरांबरोबर केलेला एक अभ्यास छापून आला. डीक्लॉ केलेली १३७ मांजरं आणि न केलेली १३७. केलेल्यांत पाठदुखी, चावणं, भलत्या जागी लघवी हे जास्त. आणि त्यातल्या ६३ टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे उरलेले सापडले.

नलिनी_कोल्हापूर
मांजरीला दूध देत असाल तर आधी बंद करा. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, जुलाब होतात.

शेखर_३०
आमच्या आजीकडची मांजर दूधभात खाऊन चौदा वर्षं जगली.

अनुजा_प
दुधाचा प्रश्न नाहीये इथे. मला कळलं की वाईट आहे. पण उद्या बुधवार. आणि एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतेय. तिच्या हृदयाची झडप बदललेली आहे, वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, चालू असते. मागच्या खेपेला चिमी तिच्या मांडीवरून उडी मारताना नख लागलं. एवढीशी रेघ, पण रक्त थांबायला वीस मिनिटं लागली, तीन नॅपकिन भिजले, आणि दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत हात जांभळा. आई म्हणते, "अगं, मुकं जनावर आहे, त्याला काय कळतं." पण मी तो हात पाहिलाय.

रेवा
अनुजाताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! सोफा आणि आई हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

डॉ_वैशाली
मी माणसांची डॉक्टर. काळजी रास्त आहे, पण उपाय चुकीचा. नखं नसलेलं मांजर घाबरलं की त्याच्याकडे दात उरतात. दातांची जखम खोल आणि अरुंद असते, आत लवकर पू धरते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या बाईला ओरखड्यापेक्षा चावा कितीतरी महाग. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठीसुद्धा अमेरिकेतली आरोग्य यंत्रणा डीक्लॉ करा म्हणत नाही.

काय करायचं: आई यायच्या आधीपासून दर दोन आठवड्यांनी टोकं कापा. आईच्या मांडीवर जाड चादरीची चौपदरी घडी. हाताने खेळवायचं नाही, काठीला दोरी बांधून खेळवा. पिसवांचं औषध चुकवू नका, कारण ओरखड्यातून येणाऱ्या तापाचे जंतू पिसवांच्या विष्ठेतून नखात जातात. ओरखडा उठलाच तर साबण आणि वाहतं पाणी, मग स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, अधूनमधून उघडून बघायचं नाही. दाबूनही थांबलं नाही तर दवाखाना. आणि आईंच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगून ठेवा.

दिलीपकाका_न्यूजर्सी
आई आजारी असेल तर मांजर दुसऱ्या कुणाला द्यावं. माणूस आधी.

पशुवैद्य_सातारा
काका, माणूस आधीच. पण वर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं केलं तर दोघींपैकी एकीला घालवायची वेळ येत नाही. नखांवर बसणाऱ्या मऊ टोप्याही मिळतात. टोक कापायचं, टोपीत थोडा गोंद, नखावर सरकवायची. चार ते सहा आठवडे टिकतात, नखाचं वरचं साल गळतं त्याबरोबर पडतात.

अनुजाताई, ओरबाडायला खांब आहे का घरात? किती उंच? कुठे ठेवलाय?

अनुजा_प
आहे. गुडघ्याएवढा. लाँड्री रूममध्ये. ती बघतसुद्धा नाही त्याच्याकडे.

पशुवैद्य_सातारा
मग ती सोफ्यावरच जाणार. झोपून उठलं की मांजर पूर्ण ताणून अंग मोकळं करतं, त्याला तीन फूट तरी उंची हवी आणि खांब हलता कामा नये. शिवाय पंजात गंधग्रंथी असतात, ओरबाडून ते आपला वास ठेवतं, तो घरात सगळे वावरतात तिथे ठेवायचा असतो. कोपऱ्यातल्या खोलीत कशाला ठेवेल? खांब सोफ्याच्या डाव्या हाताला अगदी चिकटून ठेवा आणि त्या हाताला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. चिकट लागलेलं तिला आवडणार नाही, शेजारी आवडीचं असेल.

नलिनी_कोल्हापूर
विकतचा कशाला, वाशाला काथ्याचा दोर गुंडाळा. आमच्याकडे तर काथ्याचं पायपुसणं भिंतीला ठोकलंय, तिन्ही मांजरं तिथेच.

शेखर_३०
काथ्याचा भुसा पडतो घरभर. घायपाताचा दोर घ्या, आमच्या गावाकडे केकताड म्हणतात. तुमच्याकडे सिसल म्हणून मिळतो तो तोच. धागा घट्ट असतो, नख मस्त रुततं.

मिलिंद_लंडन
घरमालकासाठी, भावनिक आधाराचं, म्हणजे मनाच्या आजारात सोबतीला लागणारं, मांजर आहे असं पत्र डॉक्टरकडून घ्या. मग त्याला नाकारणं अवघड जातं.

रेवा
गरज नसताना असं पत्र घेऊ नका. ज्यांना खरंच लागतं त्यांच्याकडे लोक संशयाने बघतात. त्यापेक्षा सरळ लिहा: जास्तीचं डिपॉझिट देतो, टोप्या लावतो, दर तीन महिन्यांनी घर येऊन बघा. आणि त्यात लिहा की बॅनफील्ड आणि व्हीसीए या जनावरांच्या दवाखान्यांच्या मोठ्या साखळ्यांनी २०२० मध्येच ऐच्छिक डीक्लॉ बंद केलंय. त्यांच्या दवाखान्यांतून त्याला हवा तसा कागद मिळणार नाही.

अनुजा_प
शुक्रवार. सगळ्यांनी एवढं लिहिलंत, आभार. रेवाने सांगितलं तसंच पत्र पाठवलं. घरमालक नाही म्हणाला, अट तीच.

नवऱ्याला सातारच्या डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. वाचता वाचता तो स्वतःचं बोट पहिल्या रेषेवर दाबून बघत होता. मग म्हणाला, ते घर सोड. कामापासून वीस मिनिटं लांब एक अपार्टमेंट बघितलंय, एक बेडरूम कमी, मांजर चालतं, डिपॉझिट परत न मिळणारं आहे. एक तारखेला जातोय. आईला हॉलमध्ये पलंग लावू.

चिमीला परवा टोप्या लावल्या. पाच मिनिटं पाय झटकत मागे मागे चालली, मग झोपली. पण आज उजव्या पंजाच्या दोन चावून काढल्यात. गोंद कमी पडला का? नखाला इजा झाली असेल का?

पशुवैद्य_सातारा
छान केलंत. पंजा उजेडात धरून बघा, नख चिरलेलं किंवा मुळाशी लाल नसेल तर इजा नाही. टोपीच्या एक तृतीयांश गोंद भरा, नख कोरडं हवं. लावल्यावर पाच मिनिटं मांडीवर धरून ठेवा, नाहीतर वाळायच्या आत ओढते. आणि टोपी नखाच्या मुळाला टेकू देऊ नका, थोडी फट ठेवा.

अनुजा_प
मुळाशी लाल नाही. दोन्ही आज रात्री ती झोपेत असताना लावते. शेखर, दोर किती जाडीचा घेऊ?

शेखर_३०
करंगळीपेक्षा थोडा बारीक. वेटोळे एकाला एक चिकटवून ठोका, फट ठेवलीत तर नख अडकतं.