चौरस फिरवला तरी चौरसच!
मुलांना चौरस, त्रिकोण, गोल असे आकार शिकवायचे तर तयार आकार कापून त्यांना नुसते चिकटवायला द्या, असं कुणीतरी सुचवलंय. मी तर घडीपासून त्यांच्याकडूनच करून घेते. संक्रांतीला जळगावात पाच वर्षांच्या भाचीला पतंग करायला ए-फोर कागद दिला. वरचा कोपरा समोरच्या लांब कडेवर टेकवून घडी घातली की त्रिकोण. खाली उरलेली पट्टी कापून घडी उघडली की २१ सेंटिमीटरचा चौरस. पट्टी म्हणजे आयत, तिचंच पतंगाला शेपूट. पतंग टोकावर उभा धरला तर बाईसाहेब म्हणतात, "आता हा चौरस नाहीच!" परत आडवा करून दाखवला, तीनदा. गोल मात्र शिकवावा लागला नाही. वाटी ठेवून पेन्सिल फिरवली आणि ओरडली, "बिबडी!" (बिबडी म्हणजे ज्वारीचा गोल पापड; उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या राखायची ड्यूटी तिचीच.) कात्री तेवढी बोथट टोकाची घ्या.