आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्डवर वेगळा कूलर: कोअर थंड, व्हीआरएम तापतोय. मदत हवी आहे

कार्ड आरएक्स ५८०, ८ जीबी. मूळ कूलर काढून १२० मिमीचे दोन पंखे लागणारा हीटपाइप कूलर बसवला आहे. पंखे मदरबोर्डवरून पूर्ण वेगात फिरतात, त्यामुळे फॅन कर्व्हचा (तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवण्याचा) प्रश्न नाही. कोअर (मुख्य चिप) फरमार्क या ताण-चाचणीत ८१ वरून ६३ अंशांवर आला, म्हणजे थर्मल पेस्ट आणि स्क्रूचा दाब ठीक आहे.

अडचण व्हीआरएमची, म्हणजे चिपला योग्य व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाची. मूळ हीटसिंक थर्मल पॅडमार्फत थेट मॉसफेटवर (व्हीआरएममधल्या तापणाऱ्या स्विचिंग चिपवर) टेकत होता. आता तिथे चिकटपट्टीवाले छोटे ॲल्युमिनियम हीटसिंक आहेत आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये व्हीआरएम १०८ अंश दिसतो. पूर्वी ८६ होता.

मॉसफेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पट्टी लावली, तरी गरम झाल्यावर एक हीटसिंक सरकतो. कार्ड आडवे, तोंड खाली, त्यामुळे सुटला तर सरळ खाली पडेल. वाटेत उघडा संपर्क सापडला तर शॉर्टची भीती. पॉवर लिमिट (कार्डाची वीजमर्यादा) उणे २० टक्के केल्यावर तापमान ९५ वर येते, पण तो कायमचा उपाय नको. मूळ हीटसिंक एकसंध आहे, कापून व्हीआरएमपुरता वापरता येत नाही.

निव्वळ थर्मल इपॉक्सी (उष्णता वाहणारा पक्का गोंद) नको, कारण पुढे मूळ कूलर परत बसवायचा आहे. व्हीआरएमशेजारी पीसीबीला (सर्किट बोर्डला) दोन मोकळी भोके आहेत, पण चोक (शेजारच्या कॉइल) मॉसफेटपेक्षा बरेच उंच आहेत.

अशा ठिकाणी मॉसफेटच्या रांगेत मावेल अशी अरुंद ॲल्युमिनियम पट्टी, नायलॉन वॉशर आणि १ मिमी पॅड लावून स्क्रूने आवळणे योग्य, की इपॉक्सीत साधी पेस्ट मिसळून पकड कमी करणे? मिसळायचे तर प्रमाण किती?